एक नावाची फाइल

ज्याला कॉम्प्युटरमधलं काहीच कळत नाही, त्याच्या हातून कॉम्प्युटरचं फारसं काही बिघडत नाही. मला थोडंसं कळत होतं.

हे थोडंसं मला बँकेनं शिकवलं. त्या वर्षांत सगळ्या बँकांना एकदम कॉम्प्युटरचे डोहाळे लागले होते. आमच्या शाखेतून दोघांना ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं, तेव्हा ‘कोण नसलं तरी कामाचा खोळंबा होणार नाही’ असा साधा हिशेब करून साहेबांनी दोन नावं कळवली. एक माझं आणि दुसरं बोकीलचं. तिथे पहिल्या दिवशी माउस कसा धरायचा ते दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट दिलं. (मध्ये जेवण होतं. मठ्ठा उत्तम होता.) परत आलो ते तज्ज्ञ होऊनच आलो.

घरचा कॉम्प्युटर मात्र माझ्यासाठी आलेला नव्हता. तो माझ्या बायकोचा, मेधाचा होता. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडून तिनं डीटीपीचा कोर्स केला होता. म्हणजे पुस्तकाचा मजकूर मराठीत टाइप करायचा, पानं लावायची आणि छापायला तयार करून द्यायची. कोथरूडमध्ये तेव्हा दर दुसऱ्या इमारतीत कुणीतरी हे शिकून बसलेलं होतं, आणि नारायण पेठेतले प्रकाशक कामं मात्र आपल्या ठरलेल्या माणसांनाच देत. लिमये नावाच्या अशाच एका प्रकाशकांचा जिना मेधानं इतक्या वेळा चढला-उतरला, की शेवटी त्यांनी कंटाळून एक हस्तलिखित तिच्या हातात ठेवलं. एका निवृत्त प्राध्यापकांचा रानभाज्यांवरचा जाडजूड ग्रंथ!

“दसऱ्याला फ्लॉप्या आणून द्यायच्या,” लिमये म्हणाले होते. “मुहूर्तावर छापायला जाईल. काम नीट निघालं तर वर्षभराची पुस्तकं तुमच्याकडे. नाही निघालं तर आमचा जुना माणूस आहेच. तो चुका करतो, पण त्या आमच्या ओळखीच्या आहेत.”

मेधानं ते फारच मनावर घेतलं. सकाळी डबे झाले की ती स्क्रीनसमोर बसायची, ती टाकळा, कुर्डू आणि शेवळं यांच्या रानात दिसेनाशी व्हायची. संध्याकाळी डोळे चोळत बाहेर यायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो शाळेच्या ऑफिसात असताना मी कधी पाहिला नव्हता. हे काम तिच्या हातून सुटू नये असं मलाही मनापासून वाटत होतं. पुढे मी जे जे केलं ते याच भावनेतून केलं, हे आधीच सांगून ठेवतो.

घरात तिसरे अप्पा, म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ज्येष्ठ नागरिकांच्या संघात कॉम्प्युटरचा वर्ग निघाला तेव्हा ते पहिल्या बाकावर जाऊन बसले होते. दुपारी मेधा जरा पडली की अप्पा कॉम्प्युटरपुढे बसत. ते पत्ते खेळतात अशी आमची समजूत होती.

आणि मी? या यंत्राला आपलाही काही हातभार असावा, म्हणून मी त्यात मासे सोडले. बोकीलनं कुठून तरी मिळवलेली एक सीडी मला दिली होती. ती घालून चार-दोन ठिकाणी ‘येस’ म्हटलं, की कॉम्प्युटरला थोडा वेळ कुणी हात लावला नाही तर पडद्यावर रंगीत मासे पोहायला लागत. बुडबुडे येत. आल्यागेल्याला मी आधी मासे दाखवायचो आणि मग पाणी विचारायचो.

एके दिवशी संध्याकाळी अप्पा देवापुढे दिवा लावून प्रसादाची वाटी घेऊन हॉलमध्ये आले. मी पेपर वाचत होतो, मेधा स्वयंपाकघरात होती, मासे पोहत होते. आणि कुणीही हात न लावता कॉम्प्युटरचा सीडी ठेवायचा ट्रे सर्रकन बाहेर आला!

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वाटीतला खडीसाखरेचा एक खडा उचलून शांतपणे ट्रेवर ठेवला. ट्रे आत गेला.

“अप्पा! अहो, काय केलंत हे?”

“त्यानं हात पुढे केला,” अप्पा म्हणाले. “प्रसादाला आलेल्याला नाही म्हणू नये.”

दुसऱ्या दिवशी ट्रे पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा सोबत मुंग्याही होत्या. (त्या रांगेत होत्या. आमच्या काउंटरवर एवढी शिस्त मी कधी पाहिली नाही.) नेमकी त्याच आठवड्यात पेपरच्या पुरवणीत ट्रोजनवर माहिती आली होती. ती मी पुन्हा पुन्हा वाचली आणि रात्रीच्या जेवणात घोषणा केली.

“आपल्या कॉम्प्युटरमध्ये ट्रोजन शिरलाय.”

“म्हणजे कोण?” अप्पांनी विचारलं.

“कोण नाही, काय! बाहेरून साळसूद आणि आतून भामटा असा प्रोग्राम. जुन्या काळी एका शहराला शत्रूचा वेढा पडला होता. शत्रूनं एक भलामोठा लाकडी घोडा दाराशी ठेवला आणि निघून गेल्याचं सोंग केलं. लोकांनी हौसेनं घोडा आत घेतला, तर त्याच्या पोटात सैनिक! तसंच हे.”

अप्पांनी घास गिळला. “मग आपल्याकडे घोडा आत घेतला कोणी?”

“ते आत्ता महत्त्वाचं नाही,” मी म्हणालो.

“माझ्या पुस्तकाला काही होणार नाही ना?” मेधानं विचारलं.

“तू शेवळांकडे लक्ष दे. मी आहे ना!”

हे वाक्य आमच्या लग्नानंतर मी जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा तेव्हा पुढे प्लंबर नाहीतर डॉक्टर बोलवावा लागलाय. पण मेधा दमलेली होती, तिच्या ते लक्षात आलं नाही.

त्याच रात्री मी शोधमोहीम काढली. पुरवणीत लिहिलं होतं, ‘आपण न बनवलेली, अनोळखी नावाची, आकाराने लहान फाइल दिसल्यास सावध व्हा.’ मेधाच्या पुस्तकाच्या फोल्डरमध्ये शिरलो आणि पहिल्याच ओळीत तो सापडला! नाव: 1. नुसतं ‘एक’. आकार इतका चिमुकला की आत काही असेल असं वाटू नये. मी दबकत दबकत ती फाइल उघडली. आत अक्षर नाही, शब्द नाही. नुसते एक! एकापुढे एक, एकाखाली एक, मधूनच एखादी तिरपी रेघ. मी घाईघाईनं फाइल बंद केली आणि डिलीट केली. मेधाला सांगितलं नाही, कारण ती घाबरली असती. तिला ती फाइल दिसतही नव्हती, कारण तिच्या डीटीपीच्या प्रोग्राममधून फक्त तिची स्वतःची पानं दिसत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँकेतून येऊन पाहतो तो, फाइल जागच्या जागी हजर!

मी पुन्हा उडवली. ती पुन्हा आली. मी रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. ती पुन्हा आली, आणि आता तिच्यात पहिल्यापेक्षा जास्त एक होते! शेवटी मी बँकेच्या कँटीनमध्ये बोकीलला गाठलं.

“नुसते एक?” त्यानं विचारलं.

“नुसते एक. आणि तिरप्या रेघा.”

बोकीलनं बशीत चहा ओतता ओतता हात थांबवला. “दिलीप, कॉम्प्युटरची भाषा कशाची असते? एक आणि शून्य. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.”

“तेव्हा मी मठ्ठा घेत होतो.”

“म्हणजे बघ,” बोकील आवाज खाली आणून म्हणाला, “एक आलेत. शून्य अजून यायचेत. शून्य येऊन मिळाले की मग हल्ला.”

आजूबाजूला क्लिअरिंगचे चेक, पावभाजी, पगारवाढीच्या गप्पा असं सगळं नेहमीसारखं चाललं होतं, आणि तिकडे माझ्या घरात सैन्य जमत होतं.

जेवताना मी परिस्थितीचं गांभीर्य सगळ्यांना सांगितलं. फाइलचं नाव तेवढं गुप्त ठेवलं, कारण तज्ज्ञ माणसानं सगळंच सांगून टाकलं तर मग तज्ज्ञ कसला?

“मेधाच्या पुस्तकाला धोका आहे का रे?” अप्पांनी विचारलं.

“आहे, अप्पा. एका क्षणात सगळं पुस्तक खाऊन टाकेल.”

अप्पांनी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली. त्यांना सुनेचं फार कौतुक. ती पहाटे उठून काम करायची तेव्हा तेच तिला चहा करून द्यायचे. “मग काहीतरी केलं पाहिजे,” एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ती फाइल प्रत्येक फोल्डरमध्ये होती! प्रत्येक! मेधाच्या पुस्तकात, लाइटबिलांच्या हिशेबात, माझ्या ‘इतर’ नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्येसुद्धा! सगळीकडे पहिल्या ओळीत, नाव एकच, आणि तेही एक. मी घाम पुसत एकेक उडवत गेलो. पुरवणीत छापलेलं शब्दन्‌शब्द खरं होत होतं.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शून्य आले.

खाली, तळाशी, ओळीनं बसले होते. गोल गोल, गप्प गप्प. मी खुर्चीतून उठलो तो थेट टेलिफोनपाशी.

“बोकील, शून्य आले!”

पलीकडे बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, “किती?”

“ओळ आहे!”

“फ्लॉप्या तपास,” बोकील म्हणाला.

फ्लॉप्या! मेधानं पुस्तकाची झालेली प्रकरणं लिमयांना देण्यासाठी फ्लॉप्यांवर घेऊन ठेवली होती. पहिली घातली. एक. दुसरी घातली. एक. मग मी दुकानातून आणलेली कोरी, सील न फोडलेली फ्लॉपी उघडली आणि मुद्दाम टेबलावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्यातही एक! टेबलावर नुसत्या पडलेल्या फ्लॉपीला हवेतून लागण होते, हा शोध त्या दिवशी मी लावला. जगात दुसऱ्या कुणी तो लावल्याचं अजून माझ्या वाचनात आलेलं नाही.

आता मला वाटलं, की प्रामाणिक माणसानं लिमयांना सावध करायला हवं. उद्या आमच्या फ्लॉपीनं त्यांचं ऑफिस बंद पडलं तर मेधाचं नाव जाईल. म्हणून मी बँकेतूनच त्यांना फोन केला.

“आमच्या फ्लॉप्यांत व्हायरस आहे,” मी म्हणालो. “म्हटलं, आधी कळवावं.”

“बरं केलंत,” लिमये म्हणाले. “लोक पेढे कळवतात, आपण हे कळवलंत. आपण कोण?”

“मी मेधाचा मिस्टर.”

“अस्सं.” आणि फोन ठेवला.

घरी आलो तर मेधा हॉलमध्ये उभी होती. तिचे डोळे लाल होते. लिमयांनी तिला फोन करून सांगितलं होतं, की दसऱ्याला दुपारी बारापर्यंत ते वाट बघतील. फ्लॉपी त्यांच्या देखत चालायला हवी. जराही काही वेडंवाकडं दिसलं, तर ग्रंथ जुन्या माणसाकडे जाईल आणि वर्षाची पुस्तकंही.

“तुम्ही त्यांना फोन केलात?” ती म्हणाली. “मला न विचारता? अहो, ते काम मिळवायला मी किती वेळा तो जिना चढले, ठाऊक आहे तुम्हाला? पहिल्यांदाच कुणीतरी माझं म्हणून काही काम दिलं होतं. आणि तुम्ही एका फोनवर…”

मला खरंच फार वाईट वाटलं. आपण आपल्या माणसाचं किती नुकसान करून ठेवलंय, हे इतकं स्पष्ट समोर उभं राहिलं की मला गलबलून आलं. ताबडतोब काहीतरी शहाणपणाचं करायला हवं होतं. म्हणून मी बोकीलला बोलावलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच बोकील आला. इस्त्रीचा झब्बा, एका हातात विंडोजची सीडी. सर्जन यावा तसा आला. “फॉरमॅट,” चपला काढता काढता म्हणाला. “घर धुऊन काढायचं. फ्लॉप्यांसकट.”

“आणि माझं पुस्तक?” मेधानं विचारलं.

“वहिनी, पुस्तक काय, परत टाइप करता येतं.”

बोकीलनं आयुष्यात पुष्कळ वाक्यं उच्चारली असतील, पण एवढं महागात पडलेलं हे एकच. मेधा जाऊन कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर बसली, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले आणि म्हणाली, “उठवून दाखवा.”

“वहिनी, जरा समजून घ्या…”

“मी बसूनच समजून घेते.”

“अगं, बारा वाजता लिमये…” मी म्हणालो.

“तुम्ही तर बोलूच नका!”

घड्याळ पुढे सरकत होतं. बोकील सीडी हातात धरून तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखा फिरत होता. मी विनवण्या केल्या. चहा आणून दिला, तो तिनं बसल्या बसल्या घेतला. शेजारच्या देवधर वहिनी तोरणाला झेंडू उरलाय का विचारायला आल्या, आमची ही तऱ्हा पाहून ‘नंतर येते’ म्हणून गेल्या. (त्यांच्या ‘नंतर येते’मध्ये अख्ख्या सोसायटीला बातमी पोचवण्याची वेळ धरलेली असते.)

इतक्यात आतून अप्पा आले. आंघोळ झालेली, अंगावर उपरणं, हातात हळदकुंकवाचं तबक आणि झेंडूची फुलं.

“मेधा, जरा ऊठ बेटा,” ते म्हणाले. “मला बसू दे. आज दसरा आहे, यंत्राची पूजा व्हायची आहे. आधी पूजा, मग काय फोडायचं ते फोडा.”

अप्पांचा शब्द मेधानं कधी मोडला नव्हता. ती उठली. पण बोकीलच्या आणि खुर्चीच्या मध्ये उभी राहिली.

अप्पांनी मॉनिटरला कुंकू लावलं, वर फूल ठेवलं. मग चष्मा सारखा केला, माउस हलवला, एक कोरं पान उघडलं आणि उजव्या हाताची तर्जनी उचलून कीबोर्डवर टेकवली.

1.

मग एक जागा सोडून पुन्हा 1. मग खाली. मग 1. मग तिरपी रेघ. मग 1.

“दिलीप!” बोकीलनं माझा दंड धरला. “व्हायरस!”

होय! ज्याच्या मागावर मी इतके दिवस होतो, तो व्हायरस माझ्या डोळ्यांदेखत टाइप होत होता. माझ्या सख्ख्या वडिलांच्या तर्जनीनं!

“अप्पा,” मी म्हणालो, “हे… हे काय करताय?”

“सरस्वती काढतोय,” अप्पा मान वर न करता म्हणाले. “पाटीवर काढत होतास ना दर दसऱ्याला? एकाचे आकडे मांडून? तीच. दहावीला तर तू केवढी मोठी काढली होतीस. गणिताचा अभ्यास झाला नव्हता.”

मी पडद्याकडे पाहिलं. आणि मग ती दिसली. एकावर एक रचलेल्या आकड्यांची, तिरप्या रेघांनी जोडलेली, थोडी वाकडी पण अगदी तीच. लहानपणी पाटी स्वच्छ धुऊन, पेन्सिलीला टोक करून आम्ही काढायचो आणि हळदकुंकू वाहून पुढ्यात पुस्तकं ठेवायचो, ती सरस्वती!

“पण रोज? आणि सगळीकडे?”

“सुरुवातीला मेधाच्या पुस्तकातच काढली होती,” अप्पा म्हणाले. “म्हटलं, पोरीचं पहिलं काम आहे. नाव ‘एक’ ठेवलं, म्हणजे पहिला मान तिचा राहील. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर नाही! क्लासच्या बाई सांगायच्या, सेव्ह केलं नाही की उडून जातं. मला वाटलं, मलाच सेव्ह करायला जमत नाही. या वयात कुणाला सांगायचं? म्हणून रोज पुन्हा काढायचो. मग तू म्हणालास, व्हायरस सगळं खाऊन टाकणार. तेव्हा प्रत्येक ठिकाणी एक एक काढून ठेवली, राखणीला.”

“आणि शून्य?” बोकीलनं क्षीण आवाजात विचारलं.

“ती कमळं आहेत. पायाशी अगदीच मोकळं दिसत होतं.”

“आणि फ्लॉप्यांवर?”

“अरे, त्या नारायण पेठेत जाणार. तशा कशा पाठवायच्या?”

मेधा खाली वाकली आणि अप्पांच्या पायांना हात लावला. उठताना ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. या सगळ्यात कॉम्प्युटरला बराच वेळ कुणी हात लावला नाही. पडद्यावरची सरस्वती गेली, मासे आले, बुडबुडे आले. आणि सर्रकन ट्रे बाहेर आला. त्यावर दोन मुंग्या होत्या.

“थांबा!” मेधा ओरडली. “कुणीही हात लावू नका!”

तिनं माउस हलवला. मासे गेले, ट्रे आत गेला. ती हात मागे बांधून उभी राहिली. आम्हीही. थोड्या वेळानं मासे आले. ट्रे आला.

“मी दिवसदिवस इथे बसते,” ती हळूहळू म्हणाली. “माझ्यासमोर हा ट्रे एकदाही बाहेर आलेला नाही. कारण मी काम करत असताना मासे येत नाहीत. अहो, हे मासे कुणी आणले?”

मी बोकीलकडे पाहिलं. बोकीलनं फरशीकडे पाहिलं. फरशीकडे पाहण्यासारखं काही नव्हतं.

“म्हणजे घोडा तूच आत घेतलास तर,” अप्पा म्हणाले.

मेधानं खुर्ची ओढली आणि कामाला लागली. बोकीलच्या सीडीनं मासे टाकले त्याच दिवशी, त्याच वेळेला, विंडोजच्या आत खोलवर आणखी एक फाइल गुपचूप जाऊन बसली होती. नाव एकदम खानदानी, कुणाला संशय येऊ नये असं. तिनं आधी मासे काढले. मग तारीख-वेळ जुळवून शोधलेली ती फाइल उडवली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि आम्ही चौघं ट्रेसमोर उभे राहिलो. चतुर्थीला गच्चीत उभं राहून चंद्राची वाट बघतात ना, तसे. फक्त आमची इच्छा उगवू नये अशी होती. तो उगवला नाही. तिनं पुन्हा शोध घेतला, फ्लॉप्या एकेक करून तपासल्या. सगळ्या स्वच्छ होत्या. म्हणजे, सरस्वती सोडून.

“हिला काढू का?” मी मदतीच्या भावनेनं विचारलं.

तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी हात खिशात घातले. बोकील संध्याकाळी सोनं द्यायला येतो म्हणाला आणि गेला. आला नाही.

स्कूटर काढली. डेक्कनला सगळं पुणं खरेदीला बाहेर पडलेलं, लकडी पुलावर मुंगीच्या पावलानं गर्दी. (मुंग्यांचा विषय मला नकोच झाला होता.) मागे मेधा फ्लॉप्यांची पेटी छातीशी धरून बसली होती. लिमयांचा जिना चढलो तेव्हा बारा वाजायला आले होते.

“या,” लिमये म्हणाले. “रोगी आणलात?”

त्यांनी फ्लॉपी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर यादी आली आणि अर्थात पहिल्या ओळीत ‘1’. लिमयांनी भुवया उंचावल्या. मी खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात मेधानं माझ्या पावलावर पाऊल ठेवलं. (जोरात.) तिनं फाइल स्वतःच उघडली आणि सगळं सांगितलं. सासऱ्यांनी रोज काय काढलं, नवऱ्यानं रोज काय पुसलं, काहीही लपवलं नाही. लिमये ऐकत होते. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती.

मग त्यांनी पडद्याला सावकाश हात जोडले. “पाटीवर पाहिली होती,” म्हणाले. “फ्लॉपीवर आज पाहतोय.”

त्यांनी पानं पाहिली. एकेक, वेळ घेऊन. मेधा शेजारी फ्लॉप्यांची रिकामी पेटी उघडत-मिटत होती. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“चुका आहेत,” ते म्हणाले. “पण त्या लेखकाच्या आहेत, तुमच्या नाहीत. इतकं स्वच्छ काम आमच्या जुन्या माणसानं कधी केलेलं नाही.” आणि मागच्या कपाटातून दोन जाड हस्तलिखितं काढून तिच्यापुढे ठेवली. “ही दिवाळीनंतर द्या. पुढची त्यानंतर बोलू.”

मेधाचा चेहरा असा उजळला की मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. हात खिशात होते, म्हणून वाचलो.

लिमयांनी आपट्याची पानं घेतली. मेधाला सोनं दिलं. मग पान घेतलेला हात माझ्याकडे करत सहज विचारलं, “आणि हे मिस्टर काय करतात?”

“बँकेत असतात,” मेधा म्हणाली. आणि एकदा खरं बोलायला सुरुवात केलीच होती म्हणून पुढे म्हणाली, “शाखेतलं कॉम्प्युटरचं सगळं यांच्याकडेच असतं.”

“कुठली शाखा?”

मी सांगितली. लिमयांनी पुढे केलेला हात तसाच थांबला. थोडा वेळ विचार करून त्यांनी मला सोनं दिलं, पण देताना माझ्या बोटांकडे काळजीनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बँकेचं दार उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. माझ्याकडे न बघता थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मशीननं छापलेलं पासबुक त्यांनी टेबलावर ठेवलं आणि खात्यातली शिल्लक शाईच्या पेनानं, अक्षरी, हातानं लिहून द्या म्हणून हटून बसले. खाली साहेबांची सही आणि शिक्का. ते गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं.

“दिलीप, हे लिमये तुम्हाला ओळखत नाहीत वाटतं? सांगायचं ना त्यांना, की आपल्याकडचा कॉम्प्युटर तुम्ही सांभाळता.”

“ओळखतात, साहेब,” मी म्हणालो. “म्हणूनच.”